मशिनवरच्या गोधडीत टीप चुकली, तर आख्खी गोधडी उसवायची का? आधी ती उलटी करून बघा

दुपटं शिवून झालंय. बारसं परवावर आलंय. शेवटची टीप मारून दुपटं उलटं केलं, तर मागच्या बाजूला दोऱ्याचा हा एवढा गुंता. मधोमध कापडाला बोटभर चुणी पडलेली. आणि एक टीप तर सरळ जाता जाता अशी वळलीये, जशी अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमधून वाट काढणारी रिक्षा.

इथं बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर रात्र जागून सगळं उसवायला घेतात, नाहीतर दुपट्याची घडी घालून ते कपाटात टाकतात आणि बारशाला दुकानातला फ्रॉक घेऊन जातात. हल्ली तिसरा प्रकारही निघालाय. समोरून बरा दिसेल असा फोटो काढायचा, स्टोरीला टाकायचा आणि मागच्या बाजूचा विषयच काढायचा नाही.

तिन्हीमध्ये गडबड आहे. कारण गोधडीतल्या काही चुका डोळ्याला दिसतात, पण वापरणाऱ्याला त्यांचा काहीच त्रास नसतो. आणि काही चुका अजिबात दिसत नाहीत, त्याच नेमक्या नडतात. कुठली चूक कुठल्या खात्यात जाते हे कळलं, की उसवायचं काम निम्म्यानं कमी होतं.

सुरुवात करूया भिवंडीपासून.

भिवंडीचा इथं काय संबंध?

संबंध कापडाचा. ठाणे जिल्ह्यातलं हे शहर देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर यांच्या रांगेतलं. इथल्या मागांवरून उतरणारं बरंचसं कापड ‘ग्रे’ असतं. ग्रे म्हणजे राखाडी रंगाचं नाही. मागावरून जसं उतरलं तसंच असलेलं, न धुतलेलं, ब्लीच न केलेलं, रंग न चढवलेलं कापड म्हणजे ग्रे. दिसायला ते पिवळट पांढरं असतं. घरोघरी आपण ज्याला मांजरपाट म्हणतो, तो याच कुळातला.

गोधडीला मागून लावायला, आतला थर द्यायला असं कापड स्वस्तात मस्त पडतं. पण त्याची एक खोड आहे.

माग चालू असताना ताण्याचे म्हणजे उभे धागे सतत ताणलेले असतात, वर फणीत घासले जातात. ते तुटू नयेत म्हणून विणायच्या आधी त्यांना खळ चढवतात. भिवंडीत या कामाचे वेगळे कारखाने आहेत, त्यांना सायझिंग म्हणतात. ही खळ ग्रे कापडात तशीच राहते. म्हणूनच कोरा मांजरपाट हाताला कडक लागतो, टेबलावर शिस्तीत बसतो, मशिनखालून सरळ सरकतो. शिवणारीला वाटतं, वा, काय कापड मिळालंय.

मग पहिलं धुणं होतं. खळ निघून जाते आणि इतके दिवस ताणात राहिलेला धागा आखडतो. समजा मागचं कापड ६० इंचांचं आहे आणि ते शंभराला पाच या हिशोबानं आटलं. म्हणजे ३ इंच गेले. वरच्या बाजूला आहे आईची शेकडो वेळा धुतलेली सुती साडी. ती आटायची तेवढी कधीच आटून बसलीये. आता खालचा थर ओढतोय आणि वरचा थर जागचा हलायला तयार नाही. मधल्या मध्ये आख्ख्या गोधडीवर चुण्या येतात. बाई म्हणते, माझी शिलाई वाईट. शिलाईचा इथं काही दोष नसतो.

कापडाचं पोत एक नसेल तर तर विचारूच नका. पॉलिस्टर पाण्यात जवळजवळ आटत नाही, सुती आटतं. एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते, म्हणजे भांडण ठरलेलं. आणि भिवंडीत दोन्ही प्रकारचं कापड होतं, मिश्र धाग्याचंही होतं. त्यामुळं तुकडे किलोवर घेताना हाताला सारखं लागतंय म्हणून एकत्र करू नये.

यावर उपाय शिवायच्या आधीचा आहे. कोरं सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी साबणानं धुवायचं, वाळवून इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. भिजवलेलं पाणी गढूळ, बुळबुळीत झालं तर घाबरू नका, ती खळ आहे. लाल, निळ्या, मरून कापडाची एक परीक्षा जास्तीची. ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा घासायचा. फडक्याला रंग लागला, तर तो कधीतरी शेजारच्या पांढऱ्या चौकोनालाही लागणार.

आणि धुतल्यावर रंग गेलाच तर? गोधडी सुकू द्यायची नाही आणि चुकूनही इस्त्री फिरवायची नाही. भरपूर पाण्यात डिटर्जंट घालून भिजत ठेवायची, पाणी रंगलं की बदलायचं. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हा उद्योग करावा लागतो. एकदा सुकलं की डाग मुरतो, मग कंटाळा केल्याचा पश्चात्ताप होतो.

टीप चुकली तरी गोधडी का सुटत नाही?

मागावर एक धागा तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर त्या जागी उभी रेघ पडत जाते. माग थांबेपर्यंत मीटरच्या मीटर. पुढे त्या ताग्याचा भाव पडतो.

शिवणारीचं नशीब त्या मानानं बरं. शिलाई मशिनची चूक बहुतेक वेळा जिथं झाली तिथंच थांबते. १८४६ साली अमेरिकेत एलियास होवे यांना ज्या मशिनचं पेटंट मिळालं, तिचं तत्त्व आजही घरातल्या काळ्या मशिनमध्ये आहे आणि कारखान्यातल्या जुकीतही आहे. वरून सुईचा दोरा, खालून बॉबीनचा दोरा आणि प्रत्येक टाक्याला दोघांची अढी. त्यामुळं एक टाका तुटला, तर आजूबाजूचे दोन-चार ढिले होतात, पण आख्खी टीप सुटत नाही.

याच्या उलट पोत्याचं तोंड. भिवंडीच्या गोदामांत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पोत्याच्या शिलाईचं बरोबर टोक सापडलं की एका झटक्यात सर्रकन सगळं उसवतं. ती साखळी टाक्याची शिलाई असते आणि ती तशी सुटावी म्हणूनच घातलेली असते. गोधडीची टीप तशी नाही. म्हणजे मधे चार इंच चुकले, तर चार इंचच दुरुस्त करायचे. आख्खी रेघ काढायची गरज नाही.

गुंता खाली दिसला, तर चूक वर असते

हे वाक्य मशिनवर चिकटवून ठेवावं असं आहे. कारण इथं सगळे फसतात. मागच्या बाजूला दोऱ्याचं घरटं दिसलं, की माणूस बॉबीन काढतो, केस पुसतो, स्क्रू फिरवतो. बॉबीन बिचारीनं काहीच केलेलं नसतं.

गणित सोपं आहे. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमधून येतो. त्या चकत्या त्याला धरून ठेवतात. दोरा चकत्यांमध्ये नीट बसलाच नाही, तर त्याला अडवणारं कुणी नसतं. मग सुई त्याला खाली नेते आणि तो हवा तेवढा ओढला जाऊन खालीच साठतो. म्हणून दोरा ओवताना फूट वर उचललेलं पाहिजे. अनेक मशिनमध्ये फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, दोरा वरच्यावर घसरतो आणि आपल्याला वाटतं ओवला.

उलटंही होतं. वरच्या बाजूला दोरा काडीसारखा सरळ पडलाय आणि त्यावर खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसतायत, तर वरचं टेन्शन जास्त झालंय. थोडं कमी करायचं. दोन्ही दोरे बरोबरीनं ओढत असतील, तर त्यांची अढी थरांच्या मधोमध लपते आणि दोन्ही बाजूंनी टीप सारखी दिसते.

वर लाल आणि खाली निळा दोरा लावून उरलेल्या तुकड्यांवर एक टीप मारून बघा, कुठला दोरा कुठं डोकावतोय ते लगेच कळतं. फक्त तुकडे गोधडीत जेवढे थर आहेत तेवढेच घ्यायचे. दोन थरांवर जुळवलेलं टेन्शन पाच थरांवर जुळत नाही. बॉबीनवर संशय असेलच, तर केस दोऱ्याला धरून लोंबती सोडायची आणि हलकासा झटका द्यायचा. थोडीशी खाली सरकून थांबली तर ठीक. धाडकन खाली आली तर दोरा फारच ढिला, हललीच नाही तर घट्ट.

आता झालेला गुंता काढायचा कसा? ओढून नाही. सुई वर घ्या, फूट उचला, गोधडी जरा बाजूला करून खालून कात्रीनं दोरे कापा. ओढाताण केली की सुई वाकते आणि वाकलेली सुई पुढची अर्धी रेघ टाके सोडत जाते. मग नवीनच शोध सुरू होतो, टाके का सुटतायत. टाके सुटण्याचं कारण दहातल्या बऱ्याच वेळा सुईच असते. बोथट, वाकडी, उलट्या बाजूनं बसवलेली किंवा इतक्या थरांना न पेलणारी. ब्लाउज शिवायची बारीक सुई चौघडीला लावली, तर तिनं काय करावं? जाड गोधडीला १६ किंवा १८ नंबर, पातळ दुपट्याला १४. आणि नवीन गोधडी, नवीन सुई. एवढासा खर्च आहे तो.

चुणी: ही मात्र सोडायची नाही

हाताच्या गोधडीत आणि मशिनच्या गोधडीत एक मोठा फरक आहे, तो लक्षात आला की चुणीचं कोडं सुटतं.

हातानं गोधडी घालणाऱ्या बायका अनेकदा कडेनं सुरुवात करतात. चौकोनात चौकोन घेत धावदोरा आत आत मध्यापर्यंत नेतात. गोधडी जमिनीवर अंथरलेली असते, टाका घालता घालता डावा हात थर सारखे करत जातो. कापड जास्त झालं, तर प्रत्येक टाक्यात ते इतकं इतकं वाटून टाकलं जातं. महाराष्ट्रातल्या या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी आख्खं पुस्तक केलंय, त्यातली कौशल्याची बाजू बघितली तर ‘जुन्या चिंध्यांचं पांघरूण’ वगैरे म्हणायची हिंमत होत नाही.

मशिनला डावा हात नसतो. खालचे दाते खालचं कापड पुढं ढकलतात आणि वरून फूट दाब देतं. म्हणजे खालचा थर चालतो, वरचा थर मागं रेंगाळतो. प्रत्येक इंचाला अगदी केसभर. पण ५० इंचांची रेघ संपेपर्यंत वरच्या कापडाचा हा साचलेला भाग पुढं पुढं येतो आणि एखाद्या आडव्या टिपेला धडकून तिथं त्याची घडी पडते. कडेनं आत शिवत गेलात, तर हे सगळं मधोमध येऊन जमतं आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते.

म्हणून मशिनवर उलटा नियम. मधून सुरुवात, बाहेर शेवट. त्याआधी मागचं कापड जमिनीवर ताणून चिकटपट्टीनं बसवायचं, त्यावर बाकीचे थर, आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके किंवा सेफ्टी पिना. मशिनला वॉकिंग फूट लागत असेल तर उत्तमच. त्याला स्वतःचे दाते असतात, त्यामुळं वरचा थरही खालच्याबरोबर चालतो. प्रत्येक जुन्या मशिनला तो बसेलच असं नाही, घेण्याआधी मशीनवाल्याला दाखवलेलं बरं.

एवढं करूनही चुणी पडली तर काढायची. दिसते म्हणून नाही. चुणीच्या जागी कापड दुमडून तिप्पट झालेलं असतं, ते वर उचललेलं राहतं, धुताना दगडावर किंवा मशिनमध्ये तेच आधी घासलं जातं. दोन-तीन वर्षांत गोधडी फाटते ती तिथूनच.

काढताना चुणीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच टीप उसवायची. फक्त चुणीपुरती उसवली, तर जास्तीचं कापड जाणार कुठं? मग बोटांनी ते दोन्हीकडं पसरायचं, आडव्या टाचण्या जवळजवळ लावायच्या आणि मशीन हळू चालवत जुन्या टिपेवर अर्धा इंच चढून नवी टीप जोडायची.

उसवायचीही पद्धत आहे. एका बाजूनं दर चौथा टाका रिपरनं कापायचा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ओढायचा. आख्खा दोरा सुळकन निघतो. ब्लेडनं थरांच्या मधून खरवडत जाणं जलद वाटतं, पण एकदा हात घसरला की चुणीच्या जागी भोक. उसवल्यावर सुईची छिद्रं उरतात, ती नखानं उभी-आडवी घासली की धागे परत जागेवर येतात, उरलेली पहिल्या धुण्यात जातात.

भोक पडलंच, तर आतल्या बाजूनं पेस्टिंगचा छोटा तुकडा इस्त्रीनं चिकटवायचा आणि वरून ठिगळ. ठिगळ फाटल्या जागेएवढंच लावलं की ते ठिगळ दिसतं. त्याच आकाराची आणखी दोन ठिगळं गोधडीवर इकडंतिकडं लावली, की तेच डिझाइन होतं. गोधडीत ठिगळ शोभत नाही असं कुणी म्हणूच शकत नाही, गोधडीचा जन्मच त्यातून झालाय.

वाकडी टीप: हिला माफ करता येतं

वाकड्या टिपेवर लोक सगळ्यात जास्त रडतात आणि ती सगळ्यात कमी त्रासाची.

गोधडी दोरीवर टाका, सहा-सात पावलं मागं जा. तिथून दिसली तर ठरवा. दिसली नाही, तर ती फक्त तुम्हाला माहीत असलेली गोष्ट आहे. दिसलीच, तरी उसवण्याआधी एक युक्ती आहे. तिच्या शेजारून पाव इंचावर तिच्यासारखीच दुसरी टीप मारा. एक वाकडी रेघ चूक वाटते, दोन समांतर वाकड्या रेघा ठरवून मारल्यासारख्या दिसतात.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यानपिढ्या शेतावरच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. पट्ट्या असमान, रेघा कललेल्या. २००२ साली त्यांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागलं. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. ज्या रेघा आपण रात्रभर उसवत बसलो असतो, त्या बघायला लोकांनी रांगा लावल्या.

पण म्हणून वाकडी टीप म्हणजे कला असंही म्हणून मोकळं होऊ नका. टीप इतकी भरकटली असेल की दोन रेघांमधली एक जागा बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोकळी राहिली, तर तिथं आतला थर सरकणार. आत कापूस भरला असेल, तर तिथं त्याचे गोळे होणार. अशा मोकळ्या जागेत उसवायचं काहीच नाही, आणखी एक टीप वाढवायची.

रीलमध्ये आणखी एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. म्हणे, जुन्या काळी बायका गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवायच्या, कारण परिपूर्ण फक्त देव. गोष्ट ऐकायला छान आहे, पण अमेरिकेतल्या गोधड्यांचा इतिहास बघणाऱ्यांना तिला जुना पुरावा काही सापडलेला नाही. आणि खरं सांगायचं तर मुद्दाम करायची गरज कुणाला पडते?

न दिसणारी चूक

आता सगळ्यात महत्त्वाची. जाड थरांवर शिवताना कट्कन आवाज येतो, सुई तुटते. आपण नवीन सुई लावतो, पुढं शिवायला लागतो. तुटलेलं टोक गेलं कुठं?

निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत यासाठी कडक नियम असतो. सुई तुटली की काम थांबवायचं, तिचे सगळे तुकडे शोधायचे, ते कागदावर चिकटवून सुई पूर्ण झाली का ते बघायचं आणि मगच नवीन सुई मिळते. तुकडा सापडला नाही, तर तो कपडा बाजूला जातो. घरात हा नियम कुणी पाळत नाही आणि घरात तर आपण दुपटं शिवत असतो, ज्यावर महिन्याभराचं बाळ झोपणार असतं.

तेव्हा टोक सापडेपर्यंत पुढं जायचं नाही. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक गोधडीच्या दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवायचं, मशिनच्या खालीही फिरवायचं. त्यानंतर डोळे मिटून तळहातानं दाबत चाचपायचं. टोक आत असल्याचं कळलं, पण निघत नसेल, तर तेवढा भाग उसवायचा. इथं आळस चालत नाही.

पिनांचंही तेच. लावताना मोजा, काढताना मोजा. ४० लावल्या आणि ३९ निघाल्या, तर गोधडी अजून तयार नाही.

तिसरी गोष्ट सुट्या दोऱ्यांची. टिपेच्या शेवटी लोंबणारी शेपटं मोठ्यांना त्रास देत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती केस किंवा दोरा गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडल्याचे प्रकार होतात. डॉक्टर त्याला हेअर टूर्निकेट म्हणतात. बाळ का रडतंय ते कळत नाही आणि बोट सुजत जातं. म्हणून दोऱ्याची टोकं नुसती कापायची नाहीत. दोन्ही दोरे एका बाजूला घ्यायचे, गाठ मारायची, हातसुईत ओवून सुई थरांच्या मधून इंचभर न्यायची, बाहेर काढायची आणि मग कापायचं. टोक आत गडप होतं आणि टीपही सुटत नाही.

दुपटं भेट देताना हेही सांगून टाकावं की ते मांडीवर घ्यायला, अंगाखाली घालायला आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागेत सैल पांघरुणं आणि गोधड्या ठेवू नका असं सांगते, कारण तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. आजीला हे पटवणं अवघड आहे, पण प्रयत्न करायचा.

झाली गोधडी. आता फोटो

फोटोआधी एक धुणं. धुतल्यावरच खरी गोधडी दिसते. खडूच्या, साबणाच्या खुणा जातात, टिपांच्या मधे कापड जरासं फुगतं, बारीकसारीक वाकडेपणा त्या सुरकुत्यांत हरवतो. आणि कुठं टाका ढिला असेल, तर तो देण्याच्या आधीच कळतो.

उजेड कुठून येतोय यावर फोटोचं सगळं अवलंबून. खिडकीतून बाजूनं येणाऱ्या उजेडात प्रत्येक टीप उठून दिसते, प्रत्येक चुणीही. समोरून किंवा ढगाळ दिवसाच्या सपाट उजेडात रंग छान येतात, टिपा गायब होतात. फ्लॅशमध्ये दोन्ही जातं. नुसतं घरच्यांना दाखवायचं असेल, तर कुठलाही उजेड घ्या. विकायचं असेल, तर दोन्ही घ्या, कारण ज्यानं पैसे मोजायचेत त्याला टीप बघायचा हक्क आहे.

आणि मागच्या बाजूचा एक फोटो टाका. घरी शिवून वॉट्सॲपवर ऑर्डर घेणाऱ्या बायकांना हे सुरुवातीला नको वाटतं. पण गोधडी हातात आल्यावर गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच बाजू उलटून बघतं. फोटोत एक ठिगळ आधीच दिसलं असेल, तर त्यावरून वाद होत नाही. लांबी-रुंदी, कापड कुठलं, आत काय घातलंय, आधी धुतलंय का, रंग जातो का, हे पाच शब्दांत लिहिलं तरी पुरे. बाळाचं दुपटं असेल, तर पिना मोजल्या आणि चुंबक फिरवलं हेही लिहा. भाव ठरवताना उसवण्यात गेलेले तास गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकता येत नाहीत, शिवण्यात गेलेले मात्र टाकलेच पाहिजेत. तीन दिवसांचं काम चादरीच्या भावात दिलं, की शेजारच्या गल्लीतल्या शिवणारीचाही भाव पडतो.

डिझाइन कुणाचं बघून केलं असेल, तर तिचं नाव घ्या. गीज बेंडच्या गोधड्या जगभर गाजल्यावर त्यांच्या नमुन्यांच्या वस्तू निघाल्या आणि पैशांच्या वाट्यावरून मामला कोर्टात गेला होता.

भेट द्यायची असेल, तर मात्र एक पथ्य. देताना ‘इथं जरा वाकडं झालंय बघ’ असं बोट ठेवून सांगायचं नाही. समोरच्याला ते दिसलेलंच नसतं. तुम्ही दाखवलंत की मग त्याला तेवढंच दिसत राहतं. जी चूक टोचणारी, सुटणारी किंवा फाटणारी आहे ती दुरुस्त करायची नाहीतर सांगायची. बाकीच्या तुमच्याकडंच ठेवा.

राहिला कोपरा. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मांजरपाटाचा चार बोटं रुंद तुकडा, कडा आत दुमडून हातानं शिवायचा. त्यावर कापडावर टिकणाऱ्या पेनानं किंवा दोऱ्यानं लिहायचं: कुणी शिवली, कुणासाठी, साल आणि वरची साडी कुणाची होती. तो तुकडाही शिवायच्या आधी धुवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तोच आटायचा.